नकोआप्पा आणि भाड्याची गाडी

१९७६ सालचा फेब्रुवारी, शेवटचा शनिवार. अक्कलकोटला जायच्या चादरींच्या गठ्ठ्यांना गोणपाट शिवत मी दुकानात बसले होते. तोंडात सुतळीचं टोक, हातात दाभण. तेवढ्यात दाराची चौकट वाजली. टक्, टक्. मधल्या बोटाच्या पेराने, दोनदा. मान वर करायची गरज नव्हती. भवानी पेठेत चौकट अशी वाजवणारा माणूस एकच होता, आणि तोही आत येऊ का म्हणून वाजवत नसे. चौकट कितपत पोकळ झाली आहे ते बघत असे.

"वैनी, गाडी बघताय म्हणं," आप्पा म्हणाले.

तोंडात सुतळी होती, म्हणून मी नुसती मान हलवली.

"कवा जायचं?"

म्हणजे ते बरोबर येणार हे ठरलेलंच होतं.

आमच्या पेठेत आप्पा पुष्कळ. एकाला हाक मारली तर तीन दारं उघडायची. या आप्पांना ओळखायला म्हणून लोक त्यांना पाठीमागे नकोआप्पा म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. कुणी काही विकत घ्यायला निघालं की आप्पा बरोबर जायचे. वस्तू बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचे, कान जवळ न्यायचे, मग वस्तूकडे नव्हे, घेणाऱ्याकडे बघून म्हणायचे, "ब्याडरी." घरात कानडी, बाजारात मराठी, आणि नाही म्हणायला पुन्हा कानडी. ब्याडरी म्हणजे नको. री जोडला की ते अदबीनं होतं, पण नको ते नकोच.

आप्पा जाऊन आता वर्ष होऊन गेलं. पेठेत त्यानंतर बऱ्याच वस्तू आल्या. त्यांतल्या किती चालतात ते मी मोजलेलं नाही.

त्यांची उमेदीची वर्षं अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली होती. तिथे शेतकरी ज्वारी चांगली आहे म्हणणार आणि व्यापारी नाही म्हणणार, हा रोजचा रिवाज. ज्वारी खरोखर चांगली असली तरी आधी नाहीच म्हणायचं. नोकरी संपली, रिवाज राहिला. त्यांना यंत्रातलं, लाकडातलं, जनावरातलं काही कळत होतं असं समजू नका. ते त्यांनीही कधी म्हटलं नाही. शेजारचे शिंपी शिलाई मशीन घ्यायला गेले तेव्हा आप्पांनी मशीन सोडून तिच्याखालचं टेबल वाजवलं आणि नको म्हणाले. म्हैस बघायला गेले तेव्हा शिंग वाजवलं. म्हशीने डोकं हलवलं. "बघा, तीबी न्हाईच म्हणतीया," आप्पा म्हणाले.

एकदा माझ्याच दुकानात ते गिऱ्हाईकाबरोबर आले. लग्नाच्या रुखवतासाठी चादरी हव्या होत्या. आप्पांनी घडी घातलेली चादर दोनदा वाजवली. चादर वाजत नाही हे त्यांनाही दिसत होतं. तरी कान नेला.

"आप्पा, मी तुमची शेजारीण आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर हळू म्हणतो," ते म्हणाले, आणि हळू म्हणाले, "ब्याडरी."

लोक त्यांना का न्यायचे, असं तुम्ही विचाराल. तुमच्याही गल्लीत असा कुणीतरी असेल, म्हणजे तुम्हाला कारण माहीत असेल. आपल्याला परवडत नाही हे दुकानदारासमोर आपल्या तोंडाने म्हणायला जड जातं. आप्पा ते म्हणून टाकायचे. "न घेतलेली वस्तू कधी बिघडत न्हाई," असं वर सांगायचे. माणसं मान ताठ ठेवून रिकाम्या हाताने घरी यायची.

त्यांच्या स्वतःच्या घरात बसायला एक घोंगडं आणि एक बाज होती. बायको जुन्या दुखण्याने गेलेली. लेक एकच, ती दुधनीला दिलेली. तिच्या स्थळाच्या वेळी मात्र आप्पांनी काही वाजवलं नाही, नकोही म्हणाले नाहीत. माणसं चांगली होती, अडतीतली होती. लेक सुखात होती. फक्त लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूला अर्धांगाचा झटका आला, तिचं सगळं बाजेवर करावं लागे, आणि घरात दुसरी बाई नाही. त्यामुळे पंचमीला नाही, दिवाळीला नाही, लेकीचं माहेरी येणं बंद झालं. पाच वर्षं झाली होती. आप्पाही तिकडे जात नसत. दुधनी काही विलायतेत नाही. एसटी आहे, रेल्वे आहे. ते का जात नाहीत हे मी विचारलं नव्हतं. मला माझे उद्योग होते.

माझा उद्योग म्हणजे चादरी-टॉवेलचं दुकान. यांना दमा. गोणपाटाची धूळ सोसत नाही, म्हणून हे गल्ला बघत आणि बाहेरगावी माल पोचवण्याचं काम माझ्याकडे. गठ्ठे एसटीच्या टपावर चढवायचे, उतरवताना हमालाशी भांडायचं. त्या हिवाळ्यात अक्कलकोटचा एक गठ्ठा टपावरून उतरवायचा राहिला आणि आळंदला जाऊन आला. तिथल्या कुणीतरी तो उघडून चादरी अंगावर घेऊन बघितल्या होत्या, कारण परत आल्यावर त्यांना विडीचा वास येत होता. त्या दिवशी मी यांना म्हटलं, जुनी का होईना, गाडी घ्यायची. हे म्हणाले, बघ. आमच्याकडे बघ म्हणजे हो.

पहिली गाडी एका डॉक्टरांची होती, होटगी रस्त्याला. आप्पांनी बॉनेट वाजवलं. "ब्याडरी."

"अहो, इंजिन अजून दाखवलंच नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग दावू नका की," आप्पा म्हणाले.

दुसरी एका वकिलांची. हिरवीगार, कालच रंगवलेली. आप्पांनी वाजवली आणि पेराला लागलेला रंग धोतराला पुसला. "नवा रंग कशापायी लावत्यात? आत काय तरी हाय." आत खरोखर काय होतं ते आम्ही बघितलं नाही. घरी आलो. दोन्ही वेळा मला बरंच वाटलं, हेही सांगून टाकते. गाडी घेणं म्हणजे मोठीच उडी होती, आणि कुणीतरी मागून पदर धरलेला बरा असतो.

तिसरी गाडी सात रस्त्याच्या चौकात उभी होती.

ही गाडी पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. पांढरी अँबॅसिडर, गेली दहा-बारा वर्षं भाड्याने फिरणारी. नवरानवरी नेली, बाळंतिणी आणल्या, सिव्हिल हॉस्पिटलातून मयतं गावी पोचवली, निवडणुकीत तिच्यावर कर्णे बांधले गेले. आमच्या दोन घरं पलीकडच्या मुलाचा जन्म हिच्यातच झाला होता. मालक स्वतःच चालवायचा. आता त्याला नवी घ्यायची होती म्हणून ही विकायला काढली होती.

"बाई, अख्खी पेठ बसलीया हिच्यात," तो म्हणाला.

"तेच मला दिसतंय," मी म्हटलं. मागच्या दाराची मूठ हातात आली होती. मी ती त्याला परत दिली.

मी माझ्या पद्धतीने गाडी बघितली. ब्रेकचं पेडल घासून गुळगुळीत झालं होतं. मीटर एका आकड्यावर थांबला होता, आणि कधीपासून थांबला ते मालकाला आठवत नव्हतं. मागच्या डाव्या बाजूची रबरी चटई उचलली, तर खाली सात रस्ता दिसला. एक विडीचं थोटूकही दिसलं. मी चटई पुन्हा घातली आणि आप्पांच्या टक्-टकची वाट बघत उभी राहिले.

टक्-टक् झालंच नाही. आप्पांनी मागचं दार उघडलं आणि ते आत जाऊन बसले. डाव्या बाजूला, खिडकीशी, गुडघे जुळवून. बराच वेळ बसले. सीटच्या शिवणीत बोट घातलं आणि पिवळ्या रंगाचा ज्वारीचा एक दाणा काढला. अक्षतांचा.

"ही आमचीच आसंल आसं काय न्हाई," ते म्हणाले. "हजार लग्नं झाली हिच्यात."

त्यांची लेक याच गाडीतून दुधनीला गेली होती. मला ते तेव्हा आठवलं. त्या वेळी गाडीत वऱ्हाडाला जागा नव्हती. आप्पा रस्त्यात उभे राहून हात करत होते.

मग ते खाली उतरले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तगोरी."

तगोरी म्हणजे घ्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. गाडीचा मालकही दचकला. आप्पांना येताना बघून त्याने आशा सोडलेली असावी.

परत येताना मी म्हटलं, "आप्पा, खाली रस्ता दिसतोय."

"दिसू द्या की. रस्ता हाय म्हणून दिसतोय."

"मीटर बंद आहे."

"मीटर काय खायचाय?"

मी थांबले. भर रस्त्यात थांबले, त्यामुळे मागच्या टांगेवाल्याने शिवी दिली. "आप्पा, खरं सांगा."

आप्पांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. मग सांगितलं. त्यांच्याकडे रिवाज असा, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. लेकीला मूल नव्हतं. घरात जायचं आणि पाण्याचा तांब्या परत करायचा, तर व्याही म्हणणार की आमच्या घरात काय खोट आहे? आणि व्याही भले, ते आग्रह करणारच.

"मग बाहेरच्या बाहेर भेटून यायचं."

"यष्टीनं गेलेला माणूस भाईर कसा ऱ्हाईल? त्यो उतरतो. उतरला की घरात या म्हणत्यात. एकदा गेल्तो मी. गल्लीच्या कोपऱ्यापतूर गेलो. दार दिसलं. त्याच यष्टीनं माघारी आलो." ते चालायला लागले. "गाडीतला माणूस येगळा. त्याला फुडं जायचं आसतंय. दारात गाडी थांबली, खिडकीतनं बोललं, गाडी निघाली. कुणी काय म्हणत न्हाई."

"मग भाड्याने करायची की एखाद्या दिवशी."

"लगीन न्हाई, मयत न्हाई, भाड्याची गाडी कशाला करायची?" आप्पा म्हणाले. "दारात अशी गाडी बघून तिची सासूच घाबरून जायची. तुमची गाडी आसली म्हंजी कसं, तुमचा माल जाणार दुधनीला. म्या गठ्ठ्यावर बसंन."

यांनी साठवलेले पैसे, गाडीखालचा सात रस्ता आणि आप्पा, हे तिन्ही एका तागडीत बसत नव्हते. पण माल घालून चालवून बघितल्याशिवाय गाडी घ्यायची नाही, एवढं मला कळत होतं. मी परत गेले आणि मालकाला सांगितलं. सोमवारी माझे गठ्ठे अक्कलकोट आणि दुधनीला जायचे आहेत. ते घालून बघते, पेट्रोल माझं. तो कबूल झाला.

सोमवारी आप्पा माझ्याआधी दुकानापाशी हजर. धुतलेलं धोतर, हातात पितळी डबा आणि पाण्याचा स्वतःचा तांब्या. गठ्ठ्यावर बसायची वेळ आली नाही. मी पुढे बसले, गठ्ठे मागे उजवीकडे आणि डिकीत घातले, आणि त्यांना डावी बाजू मिळाली. वळसंगपर्यंत गाडी बरी चालली. अक्कलकोटला गठ्ठे उतरवले तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. मालक म्हणाला, ऊन हाय. मार्चच्या पहिल्या सकाळी ऊन होतं हे खरं, पण एसटीच्या गाड्यांना वाफ येत नव्हती.

दुधनीत दुकानात माल टाकला आणि गाडी लेकीच्या गल्लीत वळवली. हॉर्न वाजला. दारातून एक बाई ओले हात पदराला पुसत आली, गाडीकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"आप्पा!"

"गाडी थांबलीया," आप्पा म्हणाले. पाच वर्षांनी लेकीशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "फुडं गाणगापूरला जायाचंय."

गाणगापूरचं मला माहीत नव्हतं. मालकाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"इळीरी, आप्पा, उतरा की," ती म्हणाली, आणि सवयीने आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. गाडीपाशी आली आणि तिच्या लक्षात आलं. तिने तांब्या उंबऱ्यावर ठेवला, पलीकडून दार उघडलं आणि बापाशेजारी येऊन बसली.

मी खाली उतरले. मला डिकीतले गठ्ठे बघायचे होते. डिकीत गठ्ठा एकही उरला नव्हता, तरी मी बघत राहिले. डिकीचं झाकण वर असलं की पुढचं फारसं ऐकू येत नाही. डबा उघडल्याचा आवाज आला. कडक भाकरी मोडल्याचा आला. लेकीच्या घरचं बापाला चालत नव्हतं. बापाचं लेकीला चालतं, आणि गाडी काही सासरची नव्हती. सावकाश जेवत होती ती. मधेच घरातून सासूची हाक आली. ती आत जाऊन काम करून परत आली आणि राहिलेली भाकरी खायला बसली.

मग निघायची वेळ झाली आणि गाडी सुरू होईना.

रेडिएटर कोरडा पडला होता. मालकाने झाकण काढलं, लेकीने आतून कळशी आणली. लेकीच्या घरचं पाणी आप्पांना चालत नव्हतं, गाडीला चाललं. सगळी कळशी प्यायली आणि तरी सुरू झाली नाही. तेवढ्यात जावई अडतीवरून जेवायला आला.

"मामा! भाईर का बसलाय? आत चला, ऊन हाय."

"नगं. गाडी निघतीया."

"कुटं निघतीया?" जावयाने विचारलं, आणि आम्ही सगळ्यांनी गाडीकडे बघितलं.

पण पोरगा शहाणा होता. एकदा सासऱ्याकडे बघितलं, एकदा उंबऱ्यावरच्या तांब्याकडे, आणि बाह्या सारून गाडीमागे गेला. शेजारचे दोघे आले. मीही पदर खोचला. आप्पा उतरले असते तर ओझं कमी झालं असतं, पण उतरले तर आत जावं लागणार. त्यामुळे ते बसूनच राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून, मागच्या काचेतून ढकलणाऱ्या जावयाकडे बघत. लेक डाव्या खिडकीला हात लावून चालत होती. तीही ढकलते आहे असं लांबून वाटलं असतं. मी शेजारीच होते. ती जोर लावत नव्हती.

गल्ली संपता संपता इंजिन खोकलं आणि लागलं. गाडी गाणगापूरच्या तोंडाने ढकलली गेली होती आणि माणसं हात करत उभी होती, म्हणून आम्हाला तिकडे जाणं भाग पडलं. चांगलं लांब जाऊन वळलो आणि गावाबाहेरून परत आलो.

अक्कलकोट मागे पडलं. मग आप्पा एवढंच म्हणाले, "बारीक झालीया." त्यानंतर बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. टक्, टक्. त्यांनी दार आतून वाजवलं होतं. कानही लावला असणार.

"वैनी, ब्याडरी."

मी वळून बघितलं.

"ही गाडी ब्याड. तुमचा पैसा बुडंल. परवा म्या म्हणालो ते माझ्यापुरतं म्हणालो. ते इसरा."

गाडीचा मालक पुढे बघून चालवत होता. त्याच्याच गाडीत बसून हे बोलणं चाललं होतं. आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. हातात रिकामा डबा होता. या एका शब्दाने आपलं दुधनी पुन्हा पाच वर्षं लांब जातं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

"बरं," मी म्हटलं.

संध्याकाळी यांनी विचारलं, ठरलं का? मी म्हटलं, ठरलं. हे म्हणाले, बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी सात रस्त्याला गेले. मालक गाडी पुसत होता. मी सांगितलं, ही गाडी मी विकत घेणार नाही, आणि दुसराही कुणी घेणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मात्र मला ती भाड्याने लागेल. अक्कलकोट, दुधनी आणि परत, माल माझा. त्याने वर बघितलं, गाडीकडे बघितलं आणि हो म्हणाला.

"आणखी एक," मी म्हटलं. "मागच्या डाव्या बाजूला खाली पत्रा मारून घ्या. तिथं माणूस पाय ठेवून बसणार आहे."

"सोमवारच्या आत मारतो की, बाई."

"आत्ता मारा," मी म्हटलं. पत्रेवाल्याचं दुकान समोरच होतं. त्याने गाडी आत घेतली. पत्रा ठोकून होईपर्यंत मी तिथे उभी राहिले, मग आत वाकून तो बोटाच्या पेराने दोनदा वाजवला, आणि दुकान उघडायला गेले.